अंगणाच्या कडेपर्यंतचा पाईप

एकदा एका बलाढ्य देशाच्या अध्यक्षाच्या हातातला पाण्याचा पेला त्याच्याच गुरूने काढून घेतला आणि भर लोकांत रस्त्याकडेच्या गटारात ओतला.

देश अमेरिका. अध्यक्ष कोणता हे विचारू नका, गोष्टीतला आहे, त्याला नाव नाही. आणि गुरू म्हणाल तर कुणी जटाधारी मुनी नव्हता. लोकांचे नळ दुरुस्त करून पोट भरणारा म्हातारा होता. अध्यक्ष कोवळा पोरगा असताना तीन उन्हाळे त्याच्या हाताखाली लोकांच्या तळघरांत पालथा पडून पाईप जोडायला शिकला होता. पुढे तो वकील झाला, निवडणुका लढला, गादीवर बसला. पण म्हाताऱ्याला तो अजून ‘उस्ताद’च म्हणे, आणि म्हातारा त्याला ‘पोरा’.

आता त्या गादीचं दुखणं आधी ऐका, म्हणजे त्याच्या डोक्यातला जाळ कळेल. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या देशाचा धनी, त्याने बोट हलवलं की डोंगर सरकत असेल. परमुलखात फौज धाडायची असली तर त्याचा शब्द रातोरात चालतो, हे खरं. पण स्वतःच्या देशातल्या एका गल्लीत चांगलं पाणी आणायचं म्हटलं, की दोन सभागृहं आडवी, पन्नास राज्यं आडवी, त्यांचे राज्यपाल आडवे, आणि एवढ्यातून निभावलंच तर न्यायालय आहेच. आजाऱ्याला औषध परवडत नव्हतं. तरुण जोडप्यांना घर मिळत नव्हतं. शाळांमध्ये लेकरांना बाराखडीबरोबर बंदुकीपासून लपायचं कसं तेही शिकवत होते. एकेका दुखण्यावर हा कायदा लिहून पाठवी, आणि तो हात-पाय तोडून परत येई. मग हा चिडे, टेबलावर मूठ आपटे, आणि शेवटी त्याच लुळ्या कागदावर सही करी. लोक म्हणत, मोठा समजूतदार माणूस आहे. तेही त्याला आवडू लागलं होतं.

पाण्याचं तसंच झालं. त्या देशातल्या शेकडो जुन्या गावांत पाणी अजून शिशाच्या पाईपांतून घरात येई. शिसं हे विष. मोठ्यांच्या हाडांत बसतं, लहानांच्या मेंदूत. अध्यक्षाने ठरवलं की हे पाईप उपटून तांब्याचे घालायचे. विरोधक म्हणाले, रस्त्याखालचा पाईप सरकारचा, तो खुशाल बदला. पण अंगणाच्या कडेपासून आत जी जागा आहे ती ज्याची त्याची, तिथे सरकारने कुदळ लावायची नाही. अकरा महिने तंटा चालला. अखेर अध्यक्ष म्हणाला, बरं, अंगणाच्या कडेपर्यंत तर कडेपर्यंत. आधी एका गावात काम करून दाखवायचं, मग तोच कायदा चारशे गावांना लागू करायचा, असं ठरलं. आणि त्याने हौसेने म्हाताऱ्याचंच गाव निवडलं.

काम झालं. अध्यक्ष विमानाने आला. लॉरेटा नावाच्या बाईच्या अंगणात टेबल मांडलं, त्यावर पांढरं कापड, कापडावर पेला. लॉरेटा इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला, घर भाड्याचं. तिच्याच नळाचं पाणी पेल्यात भरलं होतं. कॅमेऱ्यांसमोर अध्यक्षाने ते घटाघट प्यायचं आणि पुढच्या आठवड्यात राजधानीत चारशे गावांच्या कागदावर सही करायची, असा बेत. मानाच्या खुर्चीवर उस्ताद. अध्यक्षाने हसून पेला उचलला, ओठांशी नेला.

म्हातारा उठला, त्याने पेला काढून घेतला आणि गटारात ओतला.

अध्यक्षाच्या सचिवाला वाटलं, म्हाताऱ्याचा तोल गेला असेल. त्याने धावत दुसरा पेला भरून आणला. म्हाताऱ्याने तोही घेतला, तोही ओतला, आणि रिकामा पेला पांढऱ्या कापडावर पालथा घातला.

अध्यक्षाचे कान तापले. त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला जवळजवळ ओढतच लॉरेटाच्या स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं.

“उस्ताद, काय चालवलंय तुम्ही? सगळा देश बघतोय.”

“बघू दे.”

“या एका कायद्यासाठी मी अकरा महिने नाकं घासली आहेत. औषधांचा कायदा त्यांनी बुडवला, घरांचा बुडवला. हा एक माझ्या हाती लागला, आणि त्याचा तुम्ही तमाशा केलात. माझं काही चुकलं असेल तर पत्र लिहायचं होतं.”

“लिहिलं होतं,” म्हातारा म्हणाला. “तुझं उत्तरही आलं. छापील. ‘आपल्या पाठिंब्याबद्दल आभारी आहे.’ खाली तुझी सही, तीही छापलेली.”

तेवढ्यात चुलीपाशी कुणीतरी खाकरलं. लॉरेटा तिथेच उभी होती. तिच्या कडेवर अडीच वर्षांची मुलगी, आईच्या कॉलरचं टोक चोखत.

“मी तुमच्या त्या कोटवाल्याला सांगितलं होतं, साहेब,” लॉरेटा म्हणाली. “म्हटलं, नळ पंधरा मिनिटं वाहू दिल्याशिवाय पेला भरू नका. आमच्या गल्लीत कुणीच भरत नाही. तो म्हणाला, बाई, एवढा वेळ नाही आमच्याकडे.”

“पंधरा मिनिटं कशाला? पाईप तर नवे घातलेत.”

“तुमच्या बाजूचे घातलेत.”

अध्यक्षाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा खुर्ची ओढून बसला.

“ये, बस समोर,” तो म्हणाला. “नाहीतर उभा राहा, तुला उभं राहायची सवय आहे. मला एक सांग. पहिल्या उन्हाळ्यात, त्या बेकरीवाल्याच्या तळघरात, तू नवा तांब्याचा तुकडा जुन्या शिशाच्या पाईपला जोडलास, हात पुसलेस आणि म्हणालास, झालं उस्ताद. मी काय केलं?”

“तुम्ही सगळं उखडायला लावलंत.”

“का?”

वकिली करून, भाषणं करून अध्यक्षाची जीभ पाजळलेली. पण आता जे बोलायचं होतं ते त्याला जिभेने नव्हे, बोटांनी शिकवलेलं होतं. तो सावकाश म्हणाला, “जुन्या पाईपच्या आत वर्षानुवर्षांचा क्षारांचा साका धरलेला असतो. तो शिशावर पडद्यासारखा बसतो. पाईप मध्येच कापला की हादरा बसतो, साका सुटतो, शिसं उघडं पडतं. आणि तांबं खेटलं की ते शिसं आणखी झिजतं.” मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त विष पाण्यात उतरतं.”

“तुला ठाऊक होतं,” म्हातारा म्हणाला.

बाहेर सचिव दारावर टकटक करत होता.

“वसंतात तुमची माणसं आली,” लॉरेटा म्हणाली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर अध्यक्षाला सोपं गेलं असतं. “अंगणाच्या कडेशी पाईप कापला, नवा जोडला, माती लोटली, फलक लावला. त्याआधी ही गल्लीतल्या चारही कुत्र्यांची नावं घ्यायची. खिडकीत बसून एकेकाला हाक मारायची. उन्हाळ्यात नर्सने रक्त तपासलं, तर विष दुपटीने वाढलेलं. आता ही एकाही कुत्र्याचं नाव घेत नाही. मी पालिकेत गेले. ते म्हणाले, आमचा भाग नियमाप्रमाणे पूर्ण झालाय. घरमालकाला फोन केला. तो दुसऱ्या राज्यात राहतो, हे पाणी त्याला प्यायचं नाही. तो म्हणाला, परवडत नसेल तर घर सोडा.”

अध्यक्षाने मुलीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला राग आला, आणि सवयीने तो राग दुसऱ्यांवर वळला. “विरोधक,” तो म्हणाला. “मी सांगत होतो त्यांना. अंगणात जाऊ द्या म्हणून मी अकरा महिने...”

म्हाताऱ्याने तळहात टेबलावर आपटला. कपबशा खुळखुळल्या.

“त्यांचं नाव काढू नकोस इथे. ते पुष्कळ वाईट असतील, पण त्यांच्यापैकी एकही माझ्या हाताखाली तीन उन्हाळे राबलेला नव्हता. ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर मी रागावत नाही, पोरा, त्याला शिकवतो. मी तुझ्यावर रागावलोय.”

“मग काय करायचं होतं मी?” आता अध्यक्षाचाही आवाज चढला. “काहीच न घेता परत यायचं? अर्धं तरी पदरात पडलं. राज्य असंच चालतं, उस्ताद. थोडं आपण सोडायचं, थोडं त्यांनी.”

“चालत असेल. औषधाची किंमत अर्धी केलीस तर मी टोपी काढून आभार मानीन. भाकरी अर्धी मिळाली तर पोट अर्धं भरतं. पण पूल अर्धा बांधला तर माणूस अर्धी नदी ओलांडत नाही, नदीत पडतो. तुझ्याकडे रोज शंभर कामं येतात. त्यातलं कुठलं भाकरीसारखं आणि कुठलं पुलासारखं, एवढं ओळखायलाच लोकांनी तुला तिथे बसवलंय. तडजोड करता येणं ही काही विद्या नाही, ती बाजारात कुणालाही येते. कशाची तडजोड होत नाही हे कळणं, ती विद्या. मला वाटलं होतं, बेकरीच्या तळघरात मी तुला ती दिली.”

म्हातारा थांबला. श्वास लागला होता त्याला. लॉरेटाने एका बाटलीतलं पाणी ओतून त्याच्यापुढे ठेवलं, दुकानातून आणलेलं.

अध्यक्षाने कोट काढला, खुर्चीवर टाकला, बाह्या सारल्या. “तुमची अवजारं कुठायत, उस्ताद? या घराचा आतला पाईप मी आत्ता बदलतो. स्वतःच्या हाताने.”

“हो,” म्हातारा म्हणाला. “आणि त्याचाही झकास फोटो निघेल. कोट घाल.”

लॉरेटाला हसू आलं, पण ते कडू होतं. “माझा पाईप हे आजोबा बदलणारच आहेत, साहेब. मालकाला न विचारता. पुढच्या घराचा कोण बदलणार? त्याच्या पुढच्या?”

कोट घालताना अध्यक्षाचे हात बाहीत अडकले. त्याला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं की बाहेर जाऊन खरं बोललं तर काय होईल. चारशे गावांचा कायदा मरेल. वर्षभरावर निवडणूक आहे आणि लोकांना दाखवायला हातात काही उरणार नाही. विरोधक म्हणतील, बघा, याला स्वतःचंच काम नको झालंय. आणि न बोलता सही केली तर? चारशे गावांत वसंत येईल, अंगणाच्या कडेशी पाईप कापले जातील, फलक लागतील, आणि कितीतरी खिडक्यांमधल्या हाका बंद पडतील. हे तो ज्याच्याकडे शिकला, तो माणूस समोर बसून त्याच्याकडे पाहत होता, आणि मदतीचा एक शब्दही बोलत नव्हता.

त्याने दार उघडलं. सचिवाने त्याच्या कानाशी लागून सांगितलं, “म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही असं सांगितलंय लोकांना. आपण पेला घ्या आणि पुढे चला.”

“त्यांची तब्येत ठणठणीत आहे,” अध्यक्ष म्हणाला आणि माईकपाशी गेला.

“हे काम अर्धं झालेलं आहे,” तो म्हणाला. “आणि हे काम अर्धं करणं हे मुळीच न करण्यापेक्षा वाईट. ज्या घरांपुढे पाईप कापला त्या घरांतलं विष वाढलंय. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे मी सोळाव्या वर्षी शिकलो होतो. तरीही मी या गावाच्या कागदावर सही केली, कारण मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.”

मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, “आता सांगतोस होय?” कुणीतरी शिवी दिली. पोलीस पुढे सरकले, तसा अध्यक्षाने हाताने त्यांना मागे सारलं. त्या माणसाला बोलू दिलं. तो खूप बोलला, आणि त्यातलं खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

लॉरेटा मुलीला घेऊन दारात येऊन उभी राहिली. “उरलेलं कधी?” तिने विचारलं.

तारीख अध्यक्षाच्या ओठांवर तयारच होती, कारण अशा वेळी तारीख द्यायची असते. ती त्याने गिळली.

“कधी ते मला ठाऊक नाही, बाई. पुढच्या आठवड्यात माझ्यापुढे जो कागद येतोय तो अंगणाच्या कडेशी थांबतो. त्यावर मी सही करणार नाही. पाईप रस्त्यापासून नळापर्यंत सलग जाईल, असं लिहिलेला कागद घेऊन मी पुन्हा त्यांच्या दारात जाईन. चारशे गावांना नाही मिळालं तर चाळीस गावांसाठी भांडेन. पण अर्धवट कापलेला पाईप आता कुणाच्या अंगणात सोडणार नाही. आणि जे इथे कापले आहेत, त्या घरांना उद्यापासून टँकरने पाणी येईल. तेवढं माझ्या हातात आहे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग काही उतरला नव्हता.

लॉरेटाने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मग निघा, साहेब,” ती म्हणाली. “इथे उभं राहून ते होणार नाही.”

इतक्या वर्षांत अध्यक्षाला लोकांनी हार घातले होते, जोडे दाखवले होते, त्याच्या नावाने घोषणा दिल्या होत्या. पण कुणी असं कामाला लावलं नव्हतं. गाडीत बसता बसता त्याच्या ध्यानात आलं की या बाईने आणि त्या म्हाताऱ्याने आपल्यावर अजून रागावणं सोडलेलं नाही. ज्याच्याकडून काहीच व्हायचं नाही असं ठरून जातं, त्याच्यावर कुणी रागवायला जात नाही.

ज्यांच्या हाती राज्य आहे त्यांनी दारावरच्या गलक्याला भिऊ नये; ज्या गल्लीत त्यांच्यावर कुणीच चिडत नाही, तिथे मात्र गाडीतून उतरून आधी विचारपूस करावी.