तिसऱ्या कडव्यापर्यंत

“म्हणजे तिसऱ्या कडव्यापर्यंत कुणीच येत न्हाई?” भिकनशा बाबांनी विचारलं.

“शंभरातले चार-पाच येतात. बाकीचे दुसऱ्या कडव्यातच सोडून जातात,” जयवंत म्हणाला.

“हे तुला सांगतं कोण?”

“फोन सांगतो, बाबा.”

बाबांनी त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. आजवर ज्याच्याविषयी वाईट मत नव्हतं अशा माणसाची चुगली कानावर आल्यावर आपण त्याच्याकडे पाहतो, तसं.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक छोटा दर्गा आहे. भिकनशा बाबा तिथले फकीर. दफ वाजवून गाणारे. जयवंत देवकते पायथ्याच्याच गावचा. लहानपणी बाबांच्या पायाशी बसून तो सुरात गायला शिकला, मग शहरात गेला आणि त्यानं नाव काढलं. त्याचं एक नाचाचं गाणं पहिल्या नंबरावर जाऊन बसलं होतं. तेव्हापासून तो स्वतःही थोडा तिथेच बसलेला असायचा.

आज गुरुवार. संध्याकाळी दर्ग्यावर माणसं येतात, दुपारी कुणी नसतं. ती वेळ साधून तो आला होता. गाडी खाली ठेवून चढ चढावा लागला, त्याची नाराजी अजून चेहऱ्यावर होती.

“गाणं वर कसं जातं, ते तरी सांग.”

जयवंत सावरून बसला. हा विषय त्याच्या हातचा होता.

“कुणीही, कुठेही गाणं लावलं की त्याची नोंद होते. अर्धं मिनिट ऐकलं, की एकदा ऐकलं असं धरतात. पैसे भरून ऐकणाऱ्याला वजन जास्त, फुकट ऐकणाऱ्याला कमी. सगळ्याची बेरीज करायची. आठवडा संपला, की शुक्रवारी क्रमांक लागतात.”

“एकाच माणसानं धा डाव ऐकलं तर?”

“दहा धरतात.”

“आन् धा माणसांनी एका ठिकाणी बसून एक डाव ऐकलं तर?”

“एक.”

“हं...”

बाबांचा हा ‘हं’ जयवंतला लहानपणापासून ठाऊक होता. तो होकारही नसायचा आणि नकारही नसायचा.

“आन् मधीच सोडणाऱ्याचं काय?”

“ते वाईट. कितव्या सेकंदाला सोडलं, तेसुद्धा कळतं. फार लोक सोडायला लागले, की गाणं काढणारी कंपनी ते नव्या माणसांपुढे आणतच नाही. मग घसरायला लागतं.”

“कवा सोडलं ते कळतं. का सोडलं?”

“ते नाही कळत... पण उघडच आहे की, बाबा. कंटाळा येत असणार.”

“हं...”

“माझं हे नवीन गाणं आधी नवव्या नंबरावर होतं. आता त्रेचाळिसाव्यावर उतरलंय.”

“गाण्यात काय बदल केलास?”

“काहीच नाही. आहे तसंच आहे.”

“मग उतरलं कोण?”

उत्तर जयवंतला आलं होतं, पण ते आवडलं नव्हतं.

बाजूला चुलीपाशी हलीमाबी चहा टाकत होती. तिचे मियां, दादामियां, बाबांचे जोडीदार. दोघांनी उभा जन्म एकत्र गाण्यात काढला. गेल्या उरुसाच्या आधी दादामियां गेले. बाबांनी दफ खुंटीला टांगला, तो तिथेच होता. दर्ग्यावर आता नुसती अगरबत्ती लागायची. गाणं व्हायचं नाही.

हलीमाबीनं दोघांपुढे चहा ठेवला आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

“उद्यापर्यंत कंपनीला उत्तर द्यायचंय,” जयवंत म्हणाला. “त्यांचं म्हणणं आहे, तिसरं कडवं काढा, दुसऱ्यात ढोल घाला. मग ते पुन्हा जोर लावतील. नाहीतर गाणं गेलं.”

“तुझं काय म्हणणं हाय?”

“तिसरं कडवं माझ्या आईवर आहे...”

नाचाच्या गाण्यानं त्याला गाडी मिळाली होती, घर मिळालं होतं. पण आपलं म्हणावं असं त्यानं एवढं एकच गाणं केलं होतं. ते कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही याचं त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते वाटतंय याची लाजही वाटत होती.

“तुम्ही एकदा ऐका, बाबा. कुठे ढिलं पडलंय तेवढं सांगा. तुमच्या कानावर माझा भरवसा आहे. तुम्ही काढ म्हणालात तर काढून टाकतो.”

त्यानं फोन पुढे केला.

“ते नगं. तू म्हण.”

“इथे? साथीला काहीच नाही.”

“म्हण.”

जयवंतनं खुंटीवरच्या दफाकडे पाहिलं, पण मागायचा धीर झाला नाही. त्यानं घसा साफ केला आणि नुसत्या आवाजात सुरुवात केली.

बाबांनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. गुडघ्यावर बोटं ठेका धरत होती. जयवंतला बरं वाटलं. पहिलं कडवं त्यानं जीव ओतून म्हटलं. ध्रुवपद पुन्हा आलं, बोटं चालूच होती.

दुसरं कडवं सुरू झालं आणि बोटांचा ठेका चुकला.

मग बोटं थांबली.

मग मान एका बाजूला कलली... आणि भिकनशा बाबा चक्क घोरू लागले.

जयवंत ओळीच्या मधेच थांबला. कानशिलं तापली. बरोबर दुसऱ्या कडव्यात! ज्यांच्यासाठी एवढा चढ चढून आलो, तेही त्या सोडून जाणाऱ्यांतलेच निघाले. त्यानं फोन खिशात घातला आणि उठायला हात जमिनीला टेकला.

तेवढ्यात हलीमाबी लगबगीनं आली. एक बोट ओठांवर, दुसऱ्या हातानं ‘बसा, बसा’ अशी खूण. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“भाऊ, उठू नका,” ती कुजबुजली. “आमचे मियां गेले तवापासून बाबाला धड झोप न्हाई. डाक्टरच्या गोळ्या झाल्या, ताईत झाले. रातभर आपले भिंतीला टेकून बसलेले असतात. म्या रोज बघते ना.”

“तुम्ही कशा रोज बघता?”

“म्या बी जागीच असते की.”

जयवंत खाली बसला.

फोन थरथरला. कंपनीचा माणूस होता. जयवंतनं फोन बंदच करून टाकला. रागानं नव्हे. बाबा जागे होतील या भीतीनं.

ऊन पायरीवरून खाली उतरलं. गुरुवारची माणसं एकेक करून येऊ लागली. कुणाच्या हातात रेवड्या, कुणाच्या हातात फुलांची चादर. हलीमाबी प्रत्येकाला दारातच खूण करायची. आत डोकावून बाबांना झोपलेलं पाहिलं, की माणूस चप्पल हातात घेऊन, पाय न वाजवता बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. एका बाईचं तान्हं मूल किरकिरलं, तर ती त्याला घेऊन पार टेकडीच्या अर्ध्यापर्यंत खाली उतरली. पायऱ्या भरून गेल्या, तरी कुणी आवाज केला नाही.

जयवंतनं पुष्कळ मैफली पाहिल्या होत्या. इतके लोक इतके गप्प त्यानं कधी पाहिले नव्हते. आणि आता तर तो गातही नव्हता.

दिवेलागणीला बाबांनी डोळे उघडले. मग तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायले आणि तोंड पुसलं.

“थांबलास का रं?”

“तुम्ही झोपलात, बाबा.”

“व्हय?” बाबांना हसू आलं. “झोपलो म्हण की...”

“तिसरं कडवं राहिलं.”

“हं...”

“तुम्हीसुद्धा तिथपर्यंत आला नाहीत.”

“न्हाई आलो. माझं घर त्याच्या आधीच आलं.”

बाहेर कुणीतरी अगरबत्ती लावली. जयवंतनं मान खाली घातली. राग मघाशीच गेला होता. आता फक्त एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती विचारताना त्याचा आवाज लहानपणी व्हायचा तसा झाला.

“मग... तिसरं काढून टाकू?”

बाबांनी चुलीकडे पाहिलं. हलीमाबी पाठमोरी बसून विझत आलेली लाकडं पुढे सारत होती. तिला ऐकू गेलं असावं, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही.

“राहू दे, बेटा,” बाबा म्हणाले. “कुणाकुणाचं घर लांब असतं.”