दाराएवढं पाणी

दुकानांच्या काचा पक्ष्यांना नवीन होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका खंड्या पक्ष्याने काचेआडच्या मॉनिटरवर मासेमारीचा खेळ पाहिला आणि त्याला आपला गढूळ ओढा नकोसा झाला. पण पक्ष्याची नजर फार जलद असते. माणसांना सलग दिसणारं चित्र त्याला लुकलुकताना दिसे. म्हणून न लुकलुकणाऱ्या मॉनिटरसाठी तो दुकानामागून दुकान धुंडाळत राहिला.

“अहो, पिल्लं उपाशी आहेत,” बायको म्हणाली. “ओढ्यातला का होईना, एक मासा आणा!”

“थांब गं. हा मॉनिटर लहान आहे, तो मॉनिटर थरथरतो. खरं पाणी सापडलं की जन्माची ददात मिटेल.”

शेवटी त्याला दाराएवढा मॉनिटर सापडला. त्यातल्या माशाचा खवला न् खवला दिसत होता आणि काहीही लुकलुकत नव्हतं. खंड्याने सूर मारला. काच वाजलीच नाही.

बायको शोधत आली, तेव्हा तो पडद्याच्या आत बसून मासे गिळत होता आणि प्रत्येक माशानंतर पुन्हा भुकेने चोच उघडत होता.

“अहो, घरी चला!”

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि माशावर धरावा तसा नेम धरला.

ती थेट ओढ्यावर गेली आणि मासा घेऊन घरट्यात आली.

“बाबा कुठे आहेत?” पिल्लांनी विचारलं.

“आधी खा,” ती म्हणाली.