करकोच्यांचा होकार

एका डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं. पहाटे त्यावर धुकं उतरलं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते कळायचंच नाही. तिथं करकोच्यांचा एक थवा राहायचा. रुपेरी त्यांची म्होरकी.

थव्याची एक रीत होती. सभेत ज्याला बेत पटला, त्यानं चोच पाण्यात बुडवायची. बुडवली की होकार.

उन्हाळा आला. तळं आटू लागलं. पिल्लं चिखलात चोची मारू लागली. रुपेरीनं सभा भरवली. म्हणाली, "उद्या खिंडीतून पलीकडच्या सरोवरावर जायचं. पुढं उडणाऱ्यानं वारा अंगावर घ्यायचा. तो दमला की दुसऱ्यानं पुढं यायचं." टपाटप चोची बुडाल्या. रुपेरीला कोण आनंद झाला!

सभा संपली आणि खरी सभा लव्हाळ्यात भरली, बरं का! तुऱ्या म्हणाला, "खिंडीत दुपारी वारा पिसाळतो. बघू, जमलं तर जाऊ." शेलाटी म्हणाली, "मला तर नदीचीच वाट बरी वाटते. पण रुपेरीताईंसमोर बोलणार कोण?"

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर थवा निघाला. खिंडीत वारा सुटला. रुपेरी दमली. मागं वळून पाहते तो काय! तुऱ्या कड्यावर बसलेला, शेलाटी नदीकडं वळलेली. पिल्लं मधल्या मध्ये पाचोळ्यासारखी भिरभिरत होती. रुपेरीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिनं सगळ्यांना कसंबसं माघारी आणलं.

तळ्यात आता घोटभर पाणी उरलं होतं. रुपेरी म्हणाली, "आज चोच नंतर बुडवा. आधी भांडा!"

मग काय, नुसती पिसं उडाली! तुऱ्यानं वाऱ्याचं सांगितलं, म्हणून पहाटेच निघायचं ठरलं. नदीची वाट फार लांबची, पिल्लांना झेपणारी नव्हती. म्हणून खिंडच पक्की झाली.

"शेलाटी, पटलं का?" रुपेरीनं विचारलं.

"नाही पटलं," शेलाटी म्हणाली. "पण माझं ऐकून घेतलंत, आणि आता ठरलं ते ठरलं. तुम्ही दमलात की पुढची पाळी माझी." तिनं चोच बुडवली.

"तिच्यामागून मी," तुऱ्या म्हणाला.

पहाटे थवा धुक्यातून अलगद वर उठला. खिंडीतला वारा अजून अर्ध्या झोपेत होता. तरी रुपेरीचे पंख जड झाले. मागं बघायची तिला भीती वाटत होती. पण तिनं मान वळवण्याआधीच तोंडावरचा वारा थांबला. पुढं शेलाटी उडत होती.

तात्पर्य: नुसत्या होकारानं बेत तडीस जात नाही. न पटलेलं सभेतच बोलावं, आणि एकदा ठरलं की न पटलेल्यानंही आपली पाळी उचलावी.