मागे जागा नसलेली नाव

‘‘तिला काय विचारायचं? ती कुठे नको म्हणते!’’

एकदा एका कालव्यांच्या जुन्या नगरीत, एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरी नव्यानेच आलेल्या सुनेच्या, कुमुदच्या, कानावर हे वाक्य पडले. ते तिने ऐकावे म्हणून उच्चारलेले नव्हते. सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई खाली पाण्याच्या पायऱ्यांवर बसून कुजबुजत होत्या. पण त्या नगरीत पाणी कोणाचेच गुपित राखत नाही. पायरीवरची कुजबुज पाण्यावरून भिंतीला लागते आणि वरच्या सज्जात स्पष्ट ऐकू येते. दोघींचाही जन्म कालव्याकाठी गेलेला. त्यांना हे ठाऊक असायला हवे होते. कदाचित ठाऊक असेलही, आणि वर कुमुदच तर आहे, म्हणून त्यांनी पर्वा केली नसेल.

‘‘मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायकांवर सकाळी नजर ठेवायला घरचं माणूस हवंच,’’ सासूबाई म्हणत होत्या. ‘‘वखारीत कुमुदला बसवू.’’

‘‘आणि आचार्यांकडचं तिचं ते सकाळचं शिकणं?’’

‘‘पुलांवरची जुनी अक्षरं वाचायला शिकते ना? दगडावरची अक्षरं ती. पळून का जाणार आहेत?’’

जाऊबाई खुदकन हसल्या. वर सज्जात कुमुदने नुकतेच वाळत घातलेले लुगडे उगीचच काढून पुन्हा झटकले. संताप व्यक्त करायला तिच्यापाशी एवढेच साधन होते.

तिचा स्वभावच तसा. कालव्याकडच्या खिडकीची खोली लग्नानंतर तिला मिळाली होती. नणंद माहेरपणाला आली तेव्हा ती हसून रिकामी करून दिली. नणंद सासरी परतली, तिच्या ट्रंका परतल्या नाहीत. मग कुमुदची गादी मिरचीच्या कोठीशेजारी गेली. तेव्हापासून तिला शिंका येत. घरातल्यांनी ‘नाजूक आहे हो पोर’ असा निष्कर्ष काढला, आणि त्या घरात कुमुदचा मोठ्याने ऐकू येणारा आवाज म्हणजे शिंक, अशी स्थिती झाली. तिचा नवरा मिरचीचा माल घेऊन दूरच्या बंदरी गेला होता. निघण्यापूर्वी त्याने तिला आचार्यांकडे नेऊन सोडले, कारण या नगरीत तिने आपण होऊन मागितलेली तेवढी एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आचार्यांच्या नावेत बसली, ती ओठ घट्ट मिटूनच. आचार्य वृद्ध होते, पण नाव स्वतःच हाकत. त्या दिवशी पाठशाळेच्या छपरासाठी नावेत काठोकाठ कौले भरली होती.

‘‘आजचा शिलालेख तुझ्या कपाळावरच कोरलेला दिसतो,’’ ते म्हणाले. ‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘बरं,’’ म्हणून आचार्यांनी बांबू पाण्यात रोवला.

नगरी जागी झाली होती. भाजीच्या होड्या घरोघर फिरत होत्या आणि खिडक्यांतून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली उतरत होत्या. ‘काल पडवळ कडू दिलंस!’ असे एका टोपलीबरोबर ओरडणेही उतरले. भिंतींवर भरतीच्या खुणांचे हिरवे पट्टे होते. आचार्य जाता जाता सांगत होते, की ही सारी नगरी चिखलात लाकडाचे खांब ठोकून उभी आहे. पूर आणि लढाई यांना कंटाळलेली माणसे इथे आली, कारण दुसऱ्या कोणाला ही जागा नको होती. एरवी कुमुदने यावर शंभर प्रश्न विचारले असते. आज तिच्या मनात वखार होती.

चिंचोळ्या कालव्याच्या तोंडाशी असलेल्या पुलापाशी नाव आली. पुलाच्या कमानीवर जुन्या लिपीतली एक ओळ होती. कुमुदने ती सावकाश लावली. ‘‘रिकाम्या... नावेने... भरल्या नावेस वाट द्यावी.’’

‘‘शाबास! पूर्वी इथे दोन सावकारांच्या नावा समोरासमोर अडल्या. मागे कोणी सरेना. त्यांच्यामागे अर्ध्या नगरीची भाजी सडली, तेव्हा पंचांनी ही ओळ कोरून घेतली.’’

एवढे बोलणे होते तोच पुलाखालच्या वळणातून एक रिकामी नाव पुढे आली आणि तिचे नाक आचार्यांच्या नावेच्या नाकाला येऊन टेकले.

‘‘सरा मागं!’’ त्या नावेतला नावाडी ओरडला.

कुमुद थक्क झाली. डोक्यावर नियम कोरलेला आहे, आपली नाव कौलांनी भरली आहे, आणि हा रिकामा गृहस्थ आपल्यालाच सरा म्हणतो! बोलणे तिच्या स्वभावात नव्हते, म्हणून तिने बोट वर करून शिलालेख दाखवला. नावाड्याने वर पाहिले, कमानीवर त्याला फक्त एक कबूतर दिसले आणि तो अधिकच जोराने ओरडला, ‘‘मागं जागा न्हाई! म्हातारबा, मागं जागा न्हाई माझ्या!’’

पुलावर लोक जमले. फुकटची करमणूक त्या नगरीत कोणी सोडत नसे.

‘‘नाव रिकामी आणि ऐट भरलेली!’’ एकाने टोमणा मारला.

‘‘आचार्य, हलू नका! नियम तुमच्या बाजूने आहे!’’ दुसरा म्हणाला.

आचार्यांनी नावाड्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग काही न बोलता त्यांनी बांबू उलटा रोवला आणि आपली भरलेली नाव मागे रेटायला सुरुवात केली. हे काम सोपे नव्हते. जड नाव वाकडी झाली, भिंतीला घासली. वरच्या थरातली दोन-चार कौले घसरून फुटली. पुलावरून हशा आला. कुमुदला रडू यायचे बाकी राहिले. निदान हे तरी ताठ उभे राहतील असे तिला वाटले होते. इथेही तेच!

दोन कालवे मिळतात तिथल्या रुंद पाण्यात येऊन आचार्यांनी नाव बाजूला घेतली. रिकामी नाव सपकन निघून गेली. नावाड्याने वळूनही पाहिले नाही.

‘‘आभाराचा एक शब्दसुद्धा नाही!’’ कुमुद अखेर उसळली. ‘‘आपण बरोबर होतो आचार्य. आपण का सरलो?’’

‘‘जरा थांब,’’ आचार्य धापा टाकत म्हणाले.

पुलाखालून आता एक अवजड होडी बाहेर येत होती, घडीव दगडांनी काठापर्यंत लादलेली. ओहोटीच्या ओढीने ती आपसूक पुढे लोटली जात होती. तिच्यावरची माणसे भिंतीला बांबू टेकवून तिला थोपवायचा जीव तोडून प्रयत्न करत होती आणि ती थांबत नव्हती. पुलावरचा हशा विरला. रिकामी नाव नियम पाळून मागे सरली असती, तर दगड आणि भिंत यांच्यामध्ये नावाड्यासकट तिचा चुरा झाला असता.



‘‘मुली, नियम बरोबरच आहे,’’ आचार्य म्हणाले. ‘‘पण नाव भरली की रिकामी, हे समोरून दिसतं. तिच्या मागे किती जागा आहे, हे समोरून दिसत नाही. मला त्याच्या नावेचं फक्त नाक दिसत होतं. वळणापलीकडचं मला कोण सांगणार? तोच. त्याने ओरडून सांगितलं म्हणून चार कौलांवर निभावलं. तो शहाण्यासारखा गप्प मागे सरला असता तर?’’

कुमुद फुटक्या कौलांकडे पाहत राहिली.

‘‘ज्याच्या मागे जागा आहे त्याने जरूर सरावं. मी सरलोच ना? पण आपल्यामागची जागा संपली, हे आपणच सांगायचं असतं. समोरच्याने ते ओळखावं म्हणून रुसून बसण्यात अर्थ नाही. समोरचा दुष्टच असतो असं नाही, बाळ. पुष्कळदा त्याला दिसत नसतं.’’

‘‘आणि सांगितल्यावर लोक हसले तर?’’

‘‘हसतील की. त्याला नाही का हसले? पण तो धडधाकट घरी गेला.’’

त्या दिवशी दुपारी जेवणे चालू असताना सासूबाईंनी भाताचे पातेले पुढे सरकवत सहज सांगावे तसे सांगितले, ‘‘कुमुद, उद्यापासून सकाळी वखारीत बसायचं हं तू.’’

कुमुदने मान खाली घातली. सवयीप्रमाणे तिचे ओठ हसण्यासाठी हललेही. मग तिने हातातला घास ताटात ठेवला.

‘‘सासूबाई, सकाळ मला हवी आहे.’’

भाताचा डाव हवेतच राहिला. जाऊबाईंनी तर आधी दाराकडे पाहिले, बाहेरून कोणी बोलले की काय म्हणून.

‘‘हवी आहे म्हणजे?’’ सासूबाईंच्या आवाजात राग नव्हता, निखळ आश्चर्य होते. ‘‘मग कधी बोलली नाहीस ती! खिडकीची खोली घेतली तेव्हासुद्धा तू हसलीसच की गं. आम्हाला वाटलं, तुला काही नकोच असतं.’’

कुमुदला त्यांची चीड आली, आणि त्या खोटे बोलत नाहीत हेही त्याच क्षणी कळले. तिचा आवाज जरा कापला, पण शेजारच्या सज्जापर्यंत जाईल इतका मोठा होता.

‘‘तेव्हा मला चालण्यासारखं होतं, म्हणून हसले. हे चालणार नाही. वखारीत मी रोज दुपारी बसेन, सकाळी मी शिकायला जाणार; आणि जाऊबाई, सकाळचं तुम्ही बघा.’’