शिगेचं मापटं

वस्तूंना तोंड होतं आणि माणसांना ते ऐकायला कान नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. रेवणशेठच्या दुकानात एक पितळी मापटं होतं. शेठ त्यानं ज्वारी मोजायचा तो नेहमी शिगेनं, वर छोटासा डोंगर उभा राहील अशी.

एकदा शेठनं ती शीग पुसायला लाकडी फळी आणली. फळी म्हणाली, "मापट्या, लेका, तू मालकाला बुडवतोयस. आजपासून सगळं सपाट."

"मी सपाट मोजणार नाही."

"मग मोडीत जाशील."

"जाईन की. वितळेन, पण उणं मोजणार नाही."

तेवढ्यात पलीकडच्या गावची चंद्राक्का आली. फळी काठावरून सरकू लागली, तसं मापटं आडवं झालं आणि ज्वारी परत पोत्यात सांडली. दुसऱ्यांदाही तेच. शेठनं चिडून मापटं रस्त्यावर भिरकावलं.

चंद्राक्कानं पिशवीची घडी घातली. "शेठ, ज्वारी आमच्या गावातही मिळते. ओढा ओलांडून मी येते ती तुमच्या शिगेपायी."

ती निघाली, तसा शेठ लगबगीनं खाली उतरला. मापटं उचलून त्यानं धोतरानं पुसलं आणि शिगोशीग भरलं.

पोचा पडलेलं मापटं फळीला म्हणालं, "ये की आता. लाव हात."

फळी जागची हलली नाही.