माझी उजवी की तुझी?

फार पूर्वी, दात ठणकला की लोकांना आधी लवंग आणि मग देव आठवायचा, त्या काळी एका नगरात एक म्हातारा दंतवैद्य होता. त्याच्याकडे लांबलांबचे विद्यार्थी शिकायला येत. आता त्याचे हात कापू लागले होते, आणि आपल्यामागे शाळेचा थोरला कुणाला करावं याचा त्याला घोर लागला होता.

सगळ्यांत हुशार होता एक उंचापुरा शिष्य. हात इतका हलका, की दात निघून वाटीत पडला तरी रोगी विचारी, "कधी काढणार?" थोरलेपण आपल्याकडेच येणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. खटके ती एकच गोष्ट. गुरुजी चिमटा तोंडात घालण्याआधी दर वेळी थांबत आणि मोठ्याने विचारत, "कुठला?" मग रोग्याने स्वतःच्या बोटाने दात दाखवायचा, आणि भोवतीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, अगदी काल आलेल्यानेसुद्धा, तो सांगायचा.

"म्हातारपण, दुसरं काय!" शिष्य मनात म्हणे. "वैद्यच विचारत बसला, तर रोग्याने भरवसा कुणाचा धरायचा?"

एकदा गुरुजी लेकीच्या गावी निघाले. चिमटा शिष्याच्या हाती देऊन म्हणाले, "मी येईपर्यंत थोरला तू. सगळ्यांना सांभाळून घे."

गुरुजी वेशीबाहेर पडतात न पडतात तोच शिष्याने सगळ्यांना गोळा केलं. "आजपासून ते 'कुठला, कुठला' बंद. माझं काम चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. इथे तोंड फक्त रोग्याने उघडायचं!" सगळे हसले. त्यालाही आपलं बोलणं भलतंच आवडलं.

दुसऱ्याच दिवशी एक आजीबाई गाल धरून कण्हत आली. तोंडाचं पार बोळकं झालेलं, मागे जेमतेम तीन दाढा उरलेल्या. "उजवीकडची काढ रे बाबा," ती म्हणाली. "डावीकडे वरखाली जोडी आहे, तिच्यावरच माझी भाकरी चालते."

"काळजी सोडा, आजी!" दारात बघ्यांची गर्दी जमली होती. शिष्य ऐटीत आजीच्या समोर बसला आणि आपल्या उजव्या हाताला जी खालची दाढ दिसली, तिला त्याने चिमटा लावला.

आजी "अं! अं!" करू लागली. "झालंच हं, आजी," तो म्हणाला. विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने मान खाली घातली. बोललं कुणीच नाही.

दाढ बाहेर आली. पांढरीशुभ्र, मुळापर्यंत धड.

"मेल्या!" आजीने तोंडातलं रक्त थुंकून हंबरडा फोडला. "माझी उजवी म्हणजे तुझी डावी नव्हे का रे? आता मी भाकरी कशाने खाऊ?"

बघे पांगले. दुखरी दाढ दुसऱ्या विद्यार्थ्याने काढली, कारण आजी शिष्याला जवळ फिरकू देईना. आजी रडत घरी गेली, तसा तो सगळ्यांवर उखडला. "तुम्हाला कुणालाच दिसलं नाही?"

सगळ्यांत नवी शिष्या हळूच म्हणाली, "दिसलं होतं, दादा. सगळ्यांनाच. पण तोंड फक्त रोग्याने उघडायचं होतं ना?"

शिष्याला त्या दिवसापासून घास गोड लागेना. गुरुजी परतले तेव्हा त्याने घडलेलं सगळं सांगितलं आणि चिमटा त्यांच्या पायाशी ठेवला. "मी लायक नाही, गुरुजी."

"अरे, हात कुणाचाही चुकतो. माझाही चुकेल, म्हणून तर मी एवढे डोळे भोवती उभे करतो. तू त्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस. आधी आजीकडे जा."

तो गेला. आणि मग रोजच जात राहिला. भाकरी दुधात कुस्करून द्यायचा. आजी भाकरी खायची आणि तो शिव्या खायचा. हळूहळू शिव्या कमी झाल्या. भाकरी कुस्करणं मात्र थांबलं नाही.

बऱ्याच दिवसांनी गुरुजींनी पुन्हा त्याला चिमटा दिला. समोर एक लोहार बसला होता. शिष्याने विचारलं, "कुठला?" लोहाराने बोट लावलं. विद्यार्थ्यांनी एकेक करून तोच दात सांगितला. नवी शिष्या मात्र म्हणाली, "थांबा! मला शेजारचा वाटतो."

बाकीचे खुदखुदले. शिष्याने चिमटा खाली ठेवला. दोन्ही दात पुन्हा तपासले, ठोकून पाहिले, लोहाराला पुन्हा विचारलं. दात पहिलाच बरोबर होता. नवी शिष्या लाजेने लालेलाल झाली.

"या खेपेला चुकलीस," तो म्हणाला, "पण उद्या पुन्हा वाटलं, तर उद्याही असंच थांबव मला."

उंबऱ्यात उभे असलेले गुरुजी आत आले. "आता हा चिमटा परत द्यायचा नाही. आजपासून थोरला तू."

"पण गुरुजी, आज मी विशेष काय केलं? एक दात तर काढायचाय."

"तो कुणीही काढील," गुरुजी हसले. "तू थांबलास, आणि थांबवणारीला रागावला नाहीस."

तात्पर्य: ज्याला 'थांबा' म्हणायला धाकट्यांनाही भीती वाटत नाही, तोच खरा थोरला.