पावशा गप्प बसला तेव्हा

डोंगराच्या उतारावर, जिथे जंगल विरळ होऊन माळ लागतो, तिथे एक पावशा राहत असे. हा पक्षी मोठा मानाचा बरं का, मुलांनो. आभाळ भरून आलं की तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा पुकारा करी आणि ससे, उंदीर, मुंग्या सगळे बाजरी पेरायला धावत. आज्या-पणज्यांपासून हे असंच चालत आलेलं. पण अलीकडे पावसाचं काही खरं राहिलं नव्हतं. त्या वर्षी पहिली सर येताच पावशा ओरडला, सगळ्यांनी पेरलं आणि पाऊस जो गेला तो वीस दिवस फिरकलाच नाही. कोंब जागच्या जागी करपले. मुंगीच्या कोठारात आता एकाच पेरणीपुरतं बियाणं उरलं. पावशाला तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

तो साळूकडे गेला. अंगभर लांब काटे मिरवणारी साळू जमीन उकरण्यात तरबेज. पावशा म्हणाला, “साळूमावशी, मी आभाळाकडे बघून सांगतो आणि तोंडघशी पडतो. मातीत काय चाललंय ते मला कसं कळावं?”

साळूने आपला गळलेला एक काटा उचलला. त्यावर काळे-पांढरे पट्टे होते. तो जमिनीत खुपसून तिने वर काढला. “बघ, ओल पहिल्याच पट्ट्यापर्यंत आहे. ती चौथ्या पट्ट्याला लागली की बोल. तोवर चोच मीट. आणि नुसता बसू नकोस, पाणी अडवायच्या कामाला लाग.”

मग उताराला आडवे चर खणायला घेतले. साळू उकरी, उंदीर माती ओढत, पावशा वाळका पाला आणून ढीग लावी. तेवढ्यात दुसरी सर आली. ससे बियाण्यासाठी मुंगीच्या दारात जमले. “अरे, ओरड की आता,” एक ससा म्हणाला. पावशाने काटा खुपसून पाहिला. ओल दुसऱ्याच पट्ट्यापर्यंत होती.

“आवाज बसला वाटतं आमच्या ज्योतिषीबुवांचा,” कावळा फांदीवरून म्हणाला.

हाक पावशाच्या अगदी घशाशी आली होती, खोटं कशाला बोला. पण त्याने ती गिळली. “मागे चुकलो तेव्हा तुमचं बी गेलं. आता चुकलो तर तुमची पोरं उपाशी राहतील. मला काय म्हणायचं ते म्हणा,” तो म्हणाला. मुंगीने ते ऐकलं आणि कोठाराचं दार लावून घेतलं.

पुढचे आठ दिवस कडकडीत ऊन पडलं. सशांनी माना खाली घातल्या आणि तेही चर खणायला आले. मग एके दुपारी पाऊस धरून बसला. चर भरले, पाणी सावकाश जिरलं आणि काटा चौथ्या पट्ट्यापर्यंत ओला निघाला. तेव्हा पावशा असा ओरडला की पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेलं. सगळ्यांनी पेरलं आणि ओळींमधून पाला पसरला. पाऊस पुन्हा पंधरा दिवस गेला, पण पाल्याखालची ओल टिकली आणि बाजरी उभी राहिली. कणसं भरल्यावर दाणे टिपायला पहिला हजर कोण, तर कावळा. पावशाने त्याला हाकललं नाही. चोचीने एक काटा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “खा पोटभर. पुढच्या वर्षी ओल मोजायला मात्र तू यायचंस.”

तात्पर्य : ऋतू बदलले की वाडवडिलांची रीतही मातीला विचारून पाळावी, आणि पावसाची वाट बघताना हात चालू ठेवावेत.